नाक मुरडायचं काम

६ मार्च २०१६, रविवार

ही डायरी विमा एजंटने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर तिच्यात फक्त दूधवाल्याचे खाडे लिहिले. ती पानं आज फाडली आणि लिहायला बसले, कारण बोलायला गेले तर भांडण होईल.

घरमालकांनी मेअखेर घर रिकामं करायला सांगितलं. मुलाचं लग्न ठरलंय, त्याला वरचा मजला हवाय. बोलले अगदी गोड, वर पेढाही दिला. मी तो पेढा खाल्ला, याचाच मला जास्त राग आला.

लग्नाला सतरा वर्षं झाली आणि हे आमचं सातवं घर. पुन्हा तीच खोकी, तीच सुतळी, गॅसचा पत्ता बदला, मृण्मयीच्या शाळेची रिक्षा बदला. जूनपासून तिची दहावी. मी शंतनूला सांगितलं, आठवं घर भाड्याचं असेल तर मी येणार नाही, तुम्ही दोघं जा. तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

आमची धाव चोवीस लाखांपर्यंत. एवढ्यात गावात काही मिळत नाही. शहराबाहेर सातारा परिसरात, देवळाईकडे मिळतं, जिथे महापालिकेचा नळ अजून पोचलेला नाही. तिकडे घर बघायला आलेला माणूस हॉल केवढा हे विचारत नाही, बोअरला पाणी किती ते विचारतो. हे लागोपाठचं दुष्काळाचं वर्ष. जायकवाडीचा तळ पेपरात रोज दिसतोय, आणि बायपासच्या दोन्ही बाजूंना मात्र रोज नवी इमारत उभी राहतेय.

१३ मार्च, रविवार

आज सर्जेरावांना भेटलो. शंतनूच्या कंपनीतल्या कुणीतरी नंबर दिला होता. बायपासला एका शटरच्या गाळ्यात ऑफिस. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्लॉटांचे नकाशे. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, पायात अजून कोल्हापुरी. पूर्वी बैलबाजारात दलाली करायचे. दुष्काळात बाजार बसला आणि ते प्लॉटांकडे वळले. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, न लाजता. मला आवडलं ते.

त्यांनी आधीच बजावलं, ‘घर पसंत पडलं तरी तोंडावर दाखवायचं नाय. साहेब, तुमी तर बोलूच नका.’

शंतनूला न बोलणं म्हणजे शिक्षाच. पहिल्याच घरात शिरल्या शिरल्या म्हणाला, ‘वा! उमा, इथे झोपाळा लावता येईल!’ मालकाने ऐकलं. तेवढ्यात हिरव्या पर्सवाली एक बाई घर बघायला आली आणि म्हणाली, आम्ही उद्याच टोकन देतो. शंतनू घाबरला, तिथल्या तिथे एक लाख वाढवून बसला. मालकाने उद्या कळवतो म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी अजून एक मागितला. तेवढे नाहीतच आमच्याकडे. घर गेलं.

सर्जेराव रागावले नाहीत. म्हणाले, ‘असं व्हतं. ती बाई आडवी आली, नशीब.’

२० मार्च, रविवार

आज शंतनूला घरी ठेवलं. मी आणि सर्जेराव. घर बरं होतं, पण बोअर मेलेला, त्यामुळे घ्यायचा प्रश्नच नव्हता. तरी मी सवयीने बोलत गेले. मोरीचा उतार उलटा आहे, ओट्याखाली ओल आहे, ही खिडकी पश्चिमेची, दुपारी स्वयंपाकघरात भाजून निघेल. शंतनू म्हणतो, तुला ताज्या पोळीतही खोट दिसते. दिसते ती दिसते, मी काय करू.

मी बोलत होते आणि मालकाचा चेहरा उतरत होता. बाहेर येईपर्यंत त्याने स्वतःहून दीड लाख कमी केले.

सर्जेराव माझ्याकडे बघतच राहिले. ‘ताई, इतकी वर्षं ह्या धंद्यात हाय. बाईमाणसानं नाक मुरडलं की भाव पडतो, हे ठावं व्हतं. पर असं नाक बघितलं नव्हतं.’

सतरा वर्षांत माझ्या या गुणाचं कौतुक झाल्याचं आठवत नाही. घरी येऊन शंतनूला सांगितलं. त्याने मान डोलावली, मॅच चालू होती.

२४ मार्च, गुरुवार

धुळवड कोरडीच. पोरांनी गुलाल लावला आणि फडक्याने पुसला.

सर्जेरावांचा फोन. तुमच्या घराचं बघतोच आहे, तोवर माझं एक काम करा, म्हणाले. काम असं: त्यांच्या दुसऱ्या पार्ट्यांसाठी जी घरं बघायची आहेत, तिथे आधी मी गिऱ्हाईक म्हणून जायचं, खोड काढायची, कमी भाव सांगायचा आणि निघून यायचं. मग खरं गिऱ्हाईक येतं, तोवर मालक मऊ झालेला असतो.

मी विचारलं, हे खोटं नाही का?

‘कशाचं खोटं? बैलाच्या बाजारात बी आधी एक जण दात बघून जातो, शिंग वाकडं म्हनतो, पाय वडतो म्हनतो. मंग खरा घेनारा येतो. समद्यांना ठावं असतं. मालक बी कमी न्हाई, तो दोन लाख चढवूनच सांगतो.’ बदल्यात आमच्या घराची दलाली ते घेणार नाहीत.

मी उद्या सांगते म्हणाले. पण मनातून होकार झालाच होता, उगाच कशाला नाटक.

३ एप्रिल, रविवार

दोन घरं केली. ‘केली’ म्हणतेय मी, बघा. पहिल्यात जिन्याच्या पायऱ्या, दुसऱ्यात शेजारचं मंगल कार्यालय. खोटं एकही बोलले नाही, होतं तेच मोठं करून सांगितलं. कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारते, तिथे माझं कोण ऐकतं? इथे माणसं ऐकतात.

ऑफिसात हिरव्या पर्सवाली बाई चहा पीत बसली होती. बिचारीला अजून घर मिळालेलं दिसत नाही. मी ओळखीचं हसले, ती दुसरीकडे बघायला लागली.

१० एप्रिल, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी सर्जेरावांनी वाटेत समजावलं. घर एका रिटायर नर्सचं आहे, एकट्या राहतात. सत्तावीस म्हणतायत आणि हलत नाहीत, कारण बोअर चांगला आहे. ‘खोड काढायची ती पान्याचीच काढा. सांगा, वर टेकडीला मोठी स्कीम येतीय, सहाशे फुटाचे धा बोअर मारनार, मेअखेर ह्या गल्लीचं पानी जानार.’ मी विचारलं, खरंच येतेय स्कीम? ते म्हणाले, ‘ताई, कुटं ना कुटं येतच असती.’

गल्लीच्या शेवटी घर. पुढे दोन हात जागा, तिथे कढीपत्ता, एप्रिलमध्येही हिरवागार. बाईंचं नाव कडूबाई. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली, गल्लीत अजून सगळे सिस्टरबाई म्हणतात. गुडघे गेलेत, म्हणून हे विकून सिडकोत लिफ्टवाला लहानसा फ्लॅट घ्यायचाय. पंचवीसच्या खाली आलं तर तो फ्लॅट होत नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं. असं कुणी गिऱ्हाइकाला सांगतं का?

घर मला बघताक्षणी पसंत पडलं. हे इथे लिहिते, कारण तिथे मी बरोबर उलट बोलले. पूर्वेची खिडकी, दोन बाजूंनी ओटा, मागच्या खोलीत मृण्मयीचं टेबल अगदी बसेल एवढा कोपरा. मी मनात पडदेसुद्धा लावले.

त्यांनी माठातलं पाणी दिलं. गोड पाणी. एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘जड आहे हो पाणी. खारट लागतं.’

‘खारट? अवो, आख्खी गल्ली न्यायला येती.’ त्यांनी स्वतः त्याच पेल्यातून चव घेतली. मग उरलेलं पाणी नेऊन कढीपत्त्याला घातलं.

नंतर मी स्कीमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं? एवढं सर्जेरावांनी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. मी म्हणाले, ‘माझे दीर भूजल खात्यात आहेत.’

मला दीर नाहीत. शंतनू एकुलता एक.

त्या पायरीवर बसल्या. ‘मेअखेर? नक्की?’ मी म्हणाले, नक्की. बोअरच्या मोटरचं बटण भिंतीवर शेजारीच होतं, त्यावर त्यांनी हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. ‘मंग मी हे घेऊन तरी काय करू,’ म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, तुमी खरं सांगितलं. बाकीचे नुसतेच भाव पाडून जात्यात.’

गाडीत बसल्यावर सर्जेराव म्हणाले, ‘दीर कुठनं आनला, ताई?’ आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. लिहून ठेवते, मीही हसले.

१२ एप्रिल, मंगळवार

लातूरला रेल्वेने पाणी आलं. टीव्हीवर तेच ते दाखवत होते. मी चॅनल बदललं तर मृण्मयी ओरडली.

पायरीवर बसलेल्या बाई डोळ्यांसमोरून जात नाहीत. सर्जेरावांना फोन करून विचारलं, त्या नर्सबाईंचं काय झालं? ‘अजून दोघं धाडलेत. दोघांनी पान्याचंच सांगितलं. आता येतील वळनावर.’ मी विचारलं, आणि आमच्या घराचं? ‘हुईल की. सबूर.’

२ मे, सोमवार

काल सुट्टी होती म्हणून आम्हाला तिघांना नवीन घर दाखवायला नेलं. वाटेत सर्जेराव शंतनूला सांगत होते, ‘साहेब, आज मनसोक्त बोला. तीन इंची धार! आख्ख्या गल्लीत ह्योच एक बोअर जिता हाय. ह्या पान्याला मरन न्हाई.’

गाडी वळली आणि मला गल्ली ओळखू आली. मग कढीपत्ता दिसला.

कडूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. किल्ली सर्जेरावांकडे. इसार त्यांनी आधीच करून घेतलाय, वीस लाखांत. आम्हाला चोवीसला देणार. कागदावर बाईंचं आणि आमचं नाव, वीस. वरचे चार सर्जेरावांच्या हातात.

शंतनू या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. मृण्मयी मागच्या खोलीतून ओरडली, ‘आई, माझं टेबल इथे!’ बरोबर त्याच कोपऱ्यात.

मी सर्जेरावांना अंगणात गाठलं. ‘हे दुसऱ्या पार्टीसाठी होतं ना?’

‘ती पार्टी सटकली. आन् ताई, भाव तुमी पाडला. मंग तुमच्याच पदरात टाकतो, दुसऱ्याला कशाला देऊ?’

‘त्यांना फ्लॅट घ्यायचा होता.’

‘त्या आता छावनी भागात बहिनीच्या मागच्या खोलीत ऱ्हानार. एकटा जीव, किती लागतं? तुमाला नगं असंल तर सांगा. उद्या दुसरं गिऱ्हाईक उभं करतो, आन् तुमी शोधा मेअखेरपावतर.’

शंतनू बाहेर आला. ‘तू गप्प का? नाक मुरडून संपलं का तुझं?’ मी म्हणाले, घर चांगलं आहे.

५ मे, गुरुवार

मी नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईलच. इसार तर झालाच आहे. भाव पडला तो पडला, आता मी सोडून दिलं म्हणून चढणार नाही. आणि अजून दोघांनी तेच सांगितलं, एकटी मी नाही.

हे सगळं मी शंतनूला सांगून बघितलं असतं, पण त्याला आधीचं सांगावं लागलं असतं. त्याला वाटतं दलाली माझ्या गोड बोलण्यामुळे माफ झाली.

घरमालकीण आज मापं घ्यायला आली होती, सुनेच्या कपाटासाठी. माझ्या कपाटासमोर उभी राहून टेप लावत होती.

९ मे, सोमवार

अक्षय्य तृतीया. पाटल्या मोडल्या आणि चार लाख जमवून सर्जेरावांना दिले. शंतनूने आंब्याची पेटी आणली. मी एकही खाल्ला नाही. पित्त झालंय असं सांगितलं.

सर्जेराव म्हणतात, मालकिणीला रजिस्ट्रीच्या दिवशीच भेटायचं. मालक आणि गिऱ्हाईक आधी बोलले की सौदा मोडतो. माझं चांगलंच झालं. पण रजिस्ट्रीच्या दिवशी त्या मला बघणारच. काय म्हणतील, चपलेने मारतील? मारावं. मारलं तर फिटेल तरी.

२० मे, शुक्रवार

रजिस्ट्री झाली. 

ऑफिसात बाकावर कडूबाई आधीच बसलेल्या होत्या. पांढरं पातळ, मांडीवर कापडी पिशवी. मी शंतनूच्या पाठीमागे चालत होते, तरी त्यांनी ओळखलं. उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, आणि सरळ माझ्याकडे आल्या. मनगट धरलं. मला वाटलं, आता.

‘तुमी?’ म्हणाल्या. ‘तुमी घेताय व्हय? तुमाला तर पान्याचं समदं ठावं हाय!’

मला कोपऱ्यात नेलं. मनगट सोडलं नाही, नाडी बघावी तसं धरून होत्या. ‘सर्जेरावांनी गळ्यात तर मारलं नाय ना तुमच्या? मला वाटलं, कुनी पैशेवाला आसंल, पाडून बिल्डिंग बांधनारा. त्याला पान्याचं काय. पर तुमच्या घरात शाळेतली पोर हाय म्हनं. पानी जानार ठावं असून मी तुमाला कसं विकू? असली सही माझ्यानं होनार नाय.’

 मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. चपलेच्या तयारीने. ह्याच्या तयारीने नव्हते गेले.

सर्जेराव धावत आले. ‘सिस्टर, त्यांची तयारी हाय. त्यांनी समदं बघितलंय.’ त्या त्यांच्याकडे बघेनात. ‘मी ह्यांना इचारतेय,’ म्हणाल्या.

एकच वाक्य होतं. पाणी जाणार नाही, मी खोटं बोलले. बोलले असते तर त्यांनी पिशवी उचलली असती आणि त्या गेल्या असत्या. मृण्मयी बाहेर झाडाखाली उभी होती, नव्या घराच्या दिवशी म्हणून नवा ड्रेस घालून. दहा दिवसांनी आम्ही रस्त्यावर आलो असतो. आणि शंतनू समोर होता, त्याला सगळं कळलं असतं.

मी म्हणाले, ‘आम्हाला दुसरं घर मिळत नाही हो. टँकर लावू.’

‘दिरांना इचारलं?’

‘विचारलं. ते म्हणाले, घ्या.’

हे दुसऱ्यांदा. या वेळी तर मला कुणी काहीच शिकवलेलं नव्हतं.

त्यांचे डोळे भरले. माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत जाऊन सही केली. अंगठा, फोटो, सगळं झालं. बाहेर पडताना म्हणाल्या, ‘मोटर नवी हाय, ती काढून नेत नाय आता. माठ बी ऱ्हाऊ द्या.’ शंतनू गाडीत म्हणाला, किती सज्जन बाई! मी म्हणाले, हो.

२९ मे, रविवार

राहायला आलो. खोकी मी एकटीने सोडली.

संध्याकाळी मोटर लावली. तीन इंची धार, सर्जेराव एवढं मात्र खरं बोलले. जमिनीतली टाकी काठोकाठ भरली. शंतनू आणि मृण्मयीने बादल्या भरभरून अंगण धुतलं, हसत होते. शेजारच्या सर्जाबाई फाटकातून विचारून गेल्या, सिस्टरबाई सकाळी दोन घागरी द्यायच्या, तुम्ही द्याल का. देईन म्हणाले.

मृण्मयीचं टेबल लावलं. सतरा वर्षं ज्यासाठी थांबले ते मिळालं. हे लिहिल्यावर काहीतरी वाटेल म्हणून लिहिलं.

२ जून, गुरुवार

कडूबाईंचा फोन. नंबर शंतनूने दिला असणार. ‘पानी हाय का?’

‘भरपूर’ हा शब्द तोंडात आला होता. पण जून लागला, भरपूर म्हटलं असतं तर दीर खोटे ठरले असते. म्हणाले, ‘आहे, पण कमी झालंय.’

 त्या म्हणाल्या, ‘मला झोप नाय बाई. तुमाला फशिवल्यावानी झालंय.’

मी म्हणाले, नाही हो, तुम्ही कुठे फसवलंत.

६ जून, सोमवार

पुन्हा फोन. मी घेतला नाही. मग शंतनूच्या फोनवर आला. तो म्हणाला, पाणी झकास आहे, सिस्टर, काळजी नको.  पाचच मिनिटांनी मला फोन. ‘सायेब माझं मन राखायला चांगलं बोलत्यात. खरं सांगा, तुमी खोटं नाय बोलनार.’

मी म्हणाले, तळाला गेलंय.

शंतनू खरं बोलला तर त्यांना ते खोटं वाटलं. माझं मात्र सगळं खरं वाटतं.

८ जून, बुधवार

संध्याकाळी फोन. ‘उद्या सकाळी सातला टँकर धाडलाय. डायवर फारूख, आपलाच मानूस, पैशाचं बघू नका, मी दिलेत. त्याला सांगितलंय, झाकन काढून आधी टाकीत बघ, किती हाय ते मला फोनवर सांग. तुमी लाजून सांगनार नाय.’

मी खूप नको म्हटलं. जितकं नको म्हटलं, तितकी त्यांची खात्री पटत गेली.

टाकी काठोकाठ भरलेली आहे.

९ जून, गुरुवार

शंतनू पहाटे पाचच्या पाळीला गेला. तो गेल्या गेल्या मी टाकीतलं पाणी उपसायची छोटी मोटर लावली, पाइप फाटकाबाहेर टाकला आणि टाकी रस्त्यावर सोडून दिली.

गल्लीला उतार आहे. पाणी खालपर्यंत गेलं. सगळ्यात आधी सर्जाबाई धावत आल्या, मग बाकीच्या, घागरी, बादल्या, पातेली घेऊन. पाइपाच्या तोंडाशी रेटारेटी झाली. कुणीतरी म्हणालं, ‘काय झालं वो?’ मी म्हणाले, टाकी धुवायचीय. एका म्हातारीने रस्त्यातलं पाणी फडक्याने टिपून बादलीत पिळलं. मी ते बघत उभी राहिले आणि मोटर बंद केली नाही.

मृण्मयी उठून दारात आली. ‘आई, अगं पाणी वाया चाललंय!’ मी तिच्यावर खेकसले. आत जाऊन ती रडली असावी.

सातला टँकर आला. फारूख चाळिशीचा, दाढीवाला, अदबीने बोलणारा. त्याने झाकण काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि फोनवर सांगितलं, ‘सिस्टर, एकदम तळाला गेलंय पानी. हां, हां, पूरा टाकतो.’

पाइप सोडून तो उभा राहिला. मी चहा दिला. म्हणाला, ‘भाभी, सिस्टरच्या इधर छावनीत चौथ्या दिवशी पानी येतं, ते बी थोडं. मी बोल्लो, आधी तुमच्याकडं दोन ड्रम टाकतो. नाय म्हनल्या, पहले उनके घर.’

चहा मी त्याला दिला खरा, पण त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.  मला लाज वाटते. इतकी की सर्जेरावांचा रागसुद्धा येत नाही, त्यांनी फक्त स्कीम सांगितली होती.

दुपारी कडूबाईंचा फोन. आज सांगायचंच ठरवून घेतला.

‘भरली का टाकी?’

‘भरली.’

‘आता निवांत झोपा. मी बी झोपते. पाऊस लागंस्तोवर दर आठ दिवसाला धाडायला सांगितलंय फारूखला. पेन्शन हाय मला.’

मी म्हणाले, ‘नका हो. तुम्ही कशाला करता एवढं?’

‘कशाला म्हंजी?’ त्या म्हणाल्या. ‘घर मी विकलंय ना तुमाला.’

आणि त्यांनी फोन ठेवला. मी ‘सिस्टरबाई’ एवढंच म्हणाले होते.

पुढचा टँकर सोळा तारखेला, सकाळी सात वाजता. शंतनूची त्या आठवड्यात दुपारची पाळी आहे, तो घरात असेल. टाकीची मोटर आदल्या दिवशीच, तो पाळीला गेल्यावर लावायला हवी.